मांडवाबाहेर बसलेल्या मामी

मामी,

तुमचं तेरवं होऊन आज नववा दिवस. मला घरात एका जागी बसवत नाही. वर्गात फळ्यावर सूत्र लिहिता लिहिता मध्येच थांबतो. पोरं वाट बघतात, मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "सर, पुढं?" परवा बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आलो. कशाला गेलो होतो तेच आठवेना. आज सकाळपर्यंत रेखाला वाटत होतं की तुमच्या जाण्याचं माझ्या मनाला लागलंय. भेटायला येणाऱ्यांना ती सांगायची, "ह्यांचं अन् आईचं लई जमायचं. दर वर्षी दोघं मिळून जायचे महोत्सवाला."

जमायचं, हे खरं. लागलंय, हेही खरं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्यासमोर बोलायला मला तीन आठवडे होते. मी बोललो नाही.

लग्नात ठरलं होतं की सासूला मामी म्हणायचं. पहिली चार वर्षं मी ते म्हणालो असेन पाचसहा वेळा. तुम्ही भोकरकडच्या, सगळं आयुष्य शेतात गेलेल्या. मी लातूरकडच्या मुरुडचा, नांदेडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा. मी आलो की तुम्ही पदर पुढं ओढून दाराआड जायच्या आणि मी समोर बसलेला असताना रेखाला विचारायच्या, "जावयाला साखर किती लागते?" मीही रेखाकडंच बघून सांगायचो, "एक चमचा."

मग आमच्या धाकट्या मुलीच्या वेळी, रेखाच्या बाळंतपणाला तुम्ही आमच्याकडं दोन महिने राहिलात. थंडीचे दिवस होते आणि त्यातच शास्त्रीय गाण्याचा महोत्सव आला. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, शाळेच्या मैदानावर मांडव घालून. मी तोवर दोन वर्षं तिथं स्वयंसेवक होतो. सेवेसाठी नव्हे, हे आज कबूल करतो. प्रवेशिका मिळायची मारामार. छातीवर बिल्ला लावला की आत जायला मिळायचं, आणि एरवी ज्यांच्या फक्त ध्वनिफिती ऐकायच्या ती माणसं दहा हातांवर बसून गाताना दिसायची. पण कुणी विचारलं की मी म्हणायचो, "संगीताची सेवा."

पहिल्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो आणि तुम्ही पहिल्यांदा थेट माझ्याशी बोललात.

"सकाळी सकाळी कुठं चालले ओ जावई?"

"गाण्याला, मामी. काम असतं तिथं."

"गान्याला का कामाला?"

मी बुटाची नाडी आवळत राहिलो. रेखा आतून हसली. म्हणाली, "आईला न्या की. तिला लई नाद आहे. कापूस वेचायला जाताना बी ट्रान्झिस्टर पदरात बांधून न्यायची."

प्रवेशिका नव्हती. म्हणून मी समितीच्या बोरगावकर सरांना विचारलं, आणि निवृत्त मुख्याध्यापकांच्या शिस्तीनं सर म्हणाले, "पाण्याला माणूस कमी आहे. येत असतील तर घेऊन या." अशा तुम्ही स्वयंसेवक झालात. हिरव्या नऊवारीच्या पदराला बिल्ला लावून. तो सारखा उलटा होत होता आणि तुम्ही तो सारखा सरळ करत होतात.

पाण्याचे माठ फाटकाजवळ ठेवायचे असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी बघतो तर ते मंचाच्या डाव्या हाताला, कनातीच्या कडेला आलेले. तुम्ही मधे बसलेल्या, गायिकेचा हातसुद्धा दिसेल अशा ठिकाणी.

"मामी, हे इथं कुणी आणले?"

"मीच आनले. तिथं ऊन येत होतं, पानी तापत होतं."

जानेवारीतलं ऊन. पण पाणी मागायला येणाऱ्या माणसाला तुम्ही भांडं द्यायच्या आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवायच्या, त्यामुळं त्या कोपऱ्यात इतकी शांतता असायची की सरांनीही माठ हलवायला सांगितलं नाही.

मी वही घेऊन उभा असायचो. रागाचं नाव, ताल, बंदिशीचे शब्द, सगळं टिपून ठेवायचो. तुम्हाला एकाही रागाचं नाव माहीत नव्हतं. तुमची नावं वेगळी होती. भैरव म्हणजे चूल पेटवायच्या येळचं. तोडी म्हणजे कापसावर दव हाय तवरचं. सारंग म्हणजे भाकरी सोडायच्या येळचं. मी एकदा गंमत म्हणून पडताळून पाहिलं. तुम्ही एकदाही चुकला नाहीत.

"हे काय लिहून राहिले?" तुम्ही विचारलंत.

"नाव. म्हणजे ध्यानात राहतं."

"मघा ते वर जाऊन फिरून खाली आले, तवा तुम्ही वहीत तोंड घालून होते. ते कसं ध्यानात राहील?"

मी वही मिटली. त्याच दिवशी कायमची मिटली असं नाही, मला तेवढी अक्कल नव्हती. पण पुढच्या वर्षी ती मी घरी ठेवून आलो. गाणं ऐकणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं असेल तर तुम्ही. कॉलेजात असताना लातूरला मी सभागृहाच्या दाराशी उभा राहून पुष्कळ ऐकलं होतं. पण तेव्हाही माझं अर्धं लक्ष 'हा राग कोणता' यातच असायचं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी सकाळच्या सत्रात वीज गेली होती, आठवतं? थकलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई गात होत्या. माईक बंद पडला. आम्ही सगळे बिल्लेवाले जनरेटरकडं धावलो. मी निघालो तसा तुम्ही माझा सदरा मागून धरलात. चक्क जावयाचा सदरा.

"थांबा. आता खरं येईल."

बाईंनी डोळेही उघडले नव्हते. त्या तशाच गात राहिल्या. आवाज लहान झाला आणि सगळा मांडव पुढं झुकला. मागच्या खुर्च्यांवरची माणसं चपला हातात घेऊन, पाय न वाजवता पुढं येऊन खाली बसली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तो आवाज कुठं संपतो आणि माणसांचा श्वास कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. दहा मिनिटांनी वीज आली, माईक खरखरला, आणि तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "कुनी सांगितलं होतं आनायला!"

त्यानंतर आपल्यात दाराआडचं असं काही राहिलं नाही.

भांडणं मात्र सुरू झाली. त्यातलं एक अजून संपलेलं नाही. लातूरलाही तसाच एक छोटा महोत्सव असतो म्हणून आपण दोघं गेलो होतो, तिथंही स्वयंसेवकच म्हणून. येताना अहमदपूरच्या स्टँडवर एष्टी बिघडली. दुपारची वेळ. आपण बाकावर बसून शेंगा खात होतो. त्या दिवशी तुम्ही काम सोडून पाऊण तास गायकाच्या समोर जाऊन बसला होतात आणि माझ्यावर दोघांचं काम पडलं होतं. मी जरा रागातच होतो.

"मामी, बिल्ला लावला की आधी काम. गाणं कानावर पडेल तेवढं पडेल. याला सेवा म्हणतात."

"कोन म्हनतं?"

"सगळेच."

"मी न्हाई म्हनत. मी गानं ऐकाया येते. पानी वाटते ते त्यापायी. तुम्ही बी त्यापायीच येता. मग सेवा सेवा काय लावलं? देवाला सांगावं तसं खरं सांगावं की."

"सगळेच तुमच्यासारखे उठून गेले तर महोत्सव चालेल का?"

"आन् कुनीच ऐकलं न्हाई तर चालून काय उपेग?"

मी चिडून शेंगांची टरफलं जोरात फेकली. ती वाऱ्यानं तुमच्याच लुगड्यावर येऊन पडली. तुम्ही एकेक वेचून माझ्या हातात दिलीत. एष्टी दुरुस्त झाली आणि नांदेड येईपर्यंत आपण बोललो नाही. अजूनही मला वाटतं, माझं अगदीच चुकलं नव्हतं. कुणीतरी फाटकावर थांबायलाच हवं. पण आता वाद घालायला पलीकडे कुणी नाही, आणि एकट्यानं जिंकलेला वाद तोंडात कडू लागतो.

तुम्ही स्वतः गायच्या का, हे मी एकदाच विचारलं होतं. तुमचे वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे आणि तुम्ही लहानपणी भिंतीच्या पलीकडं बसून सगळे अभंग पाठ केले होते, एवढं रेखाकडून कळलं होतं.

"तुम्ही का नाही गात, मामी?"

"ऐकनारं बी कुनी पायजे का न्हाई?"

विषय संपला. पण एक दिवस मी ऐकलं. महोत्सवाचा शेवटचा दिवस होता, एष्टीला उभं राहायलाही जागा नव्हती, म्हणून मी तुम्हाला मोटारसायकलवर गावी सोडायला निघालो. भोकरच्या अलीकडं रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना हरभरा. आणि माझ्या पाठीमागून सकाळची ती ओळ आली. शब्द नव्हते. नुसता सूर, पण वर जाऊन वळण घेऊन खाली येण्याची जागा नेमकी तीच. मी नकळत गाडी हळू केली. तुम्ही लगेच थांबलात.

"हळू का केली?"

"खड्डा होता."

"कुठं हाय खड्डा?"

मी पुन्हा वेग धरला. पण तुम्ही पुन्हा गायला नाहीत. तुमच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. त्याचं मला काही वाटत नाही. नंतरच्या खोट्यांचं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मला कलाकारांच्या खोलीचं काम मिळालं. स्वयंसेवकांत ते मानाचं. मी तुम्हालाही सोबत घेतलं, चहा द्यायला. सकाळी एक मोठे गायक गाऊन आले होते. खोलीत समितीची चारपाच माणसं, कुणी हार घेऊन, कुणी मोबाइल घेऊन. तुम्ही कप पुढं केलात. ते गायक सहज, गोड बोलायचं म्हणून म्हणाले, "काय मावशी, कसं झालं गाणं?"

तुम्ही खरंच विचार केलात. मला दिसत होतं, तुम्ही विचार करताय.

"गळा लई गोड हाय तुमचा. पर आज कुठं जायचं होतं का ओ? गान्याला घाई झाली."

गायकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "हैदराबादहून विमान आहे दुपारी. सगळा वेळ घड्याळच डोक्यात होतं." आणि तुम्हाला हात जोडले. तुम्ही "राहू द्या, पुढच्या टायमाला बसा निवांत" म्हणून बशी उचलून निघालात.

त्यांना राग आला नव्हता, मामी. मी समोर होतो, मी बघितलं. पण हारवाल्या माणसांचे चेहरे मी बघितले तेही. बाहेर आल्यावर बोरगावकर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सासूबाईंना जरा सांभाळा. पाहुणे मोठे असतात." एवढंच म्हणाले. माझे कान तापले. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या त्या घोळक्यात मला इतकी वर्षं नीट जागा नव्हती, आणि आता कुठं ती मिळत होती. तुम्ही त्या दिवशी फार आनंदात होतात. मी घरी येईपर्यंत तुमच्याशी धड बोललो नाही. तुम्हाला वाटलं, मी दमलोय. रात्री तुम्ही माझ्यासाठी पिठलं केलंत.

गेल्या वर्षी तुम्ही पुन्हा पाण्यावरच होतात. या वर्षी सरांनी मला स्वयंसेवकांचा प्रमुख केलं. यादी मी करायची होती. घरी टेबलावर बसून जुन्या यादीवरून नवी केली. जुन्या यादीत तुमचं नाव बारावं होतं. अकरावं लिहिलं आणि मग तेरावं लिहिलं. पेन थांबलंसुद्धा नाही. थांबलं असतं तर बरं झालं असतं.

मग महोत्सवाच्या आदल्या दिवशी तुम्हाला फोन केला. "मामी, यंदा थंडी लई आहे. तुमचे गुडघेही दुखतात. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी या."

तुम्ही म्हणालात, "बरं."

तुम्ही कधी नुसतं 'बरं' म्हणत नाही. गुडघ्यावर, थंडीवर, माझ्यावर काहीतरी बोलला असतात. मला ते कळलं आणि मी फोन ठेवला. रेखाला सांगितलं, आईच म्हणाल्या की येत नाही. ती दवाखान्यात नर्स, त्या आठवड्यात तिला सुट्टी नव्हती. तिनंही खोदून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. एकट्या, पहिल्या एष्टीनं. मला हे नंतर कळलं. फाटकावरच्या मुलीनं सांगितलं. ती नवी होती, तुम्हाला ओळखत नव्हती. तुम्ही तिला म्हणालात, "मी पान्याची." तिनं यादी दोनदा वाचली. "आजी, तुमचं नाव नाही यात. कुणाला बोलावू का?" तुम्ही आत बघितलंत. मी मंचाजवळ कुणाला तरी खुर्ची दाखवत होतो, माईकवरून माझं नाव पुकारलं जात होतं. तुम्ही म्हणालात, "नको. कामात हायेत."

आणि तुम्ही परत गेला नाहीत. फाटकाच्या बाजूला हमीदभाई चपला सांभाळायला बसतात, तिथं गेलात, त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलात आणि लोकांच्या चपला घेऊन नंबराचे बिल्ले द्यायला लागलात.

मी दुपारी बाराच्या सुमारास बाहेर आलो, पाहुण्यांची गाडी लावायला जागा करायची होती म्हणून. तुमची पाठ दिसली. चपलांच्या ओळीत एक जोडी सरळ करत होतात. मामी, मी आधी मागं फिरलो. खरंच फिरलो. दोन पावलं गेलो आणि मग परत आलो.

"मामी! तुम्ही कधी आलात?"

"सकाळीच."

"फोन तरी करायचा."

"नाव न्हाई म्हनली ती पोरगी यादीत."

तुम्ही वर बघत होतात, उन्हानं डोळे बारीक करून. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तुम्ही नुसतं विचारत होतात. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं.

"छपाईत राहिलं असेल," मी म्हणालो.

"राहतं," तुम्ही म्हणालात.

मी माझा बिल्ला काढायला लागलो. "चला आत. हा लावा. पुढं बसवतो तुम्हाला." तुम्ही मान हलवलीत. "आन् हे कोन बघंल? हमीदभाई एकटे हायेत." मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, हात धरून उठवायला हवं होतं. पण माईकवरून पुन्हा माझं नाव आलं आणि मला सुटका झाल्यासारखं वाटलं. मी पळालो.

सत्र संपल्यावर बाहेर आलो तर तुमची जागा रिकामी. हमीदभाई म्हणाले, "अम्मा गए साब. भोकर की गाडी का टाइम हो गया था."

संक्रांतीला आम्ही तुमच्याकडं आलो. मी ठरवून आलो होतो. तुम्ही ओट्यावर बसून हरभऱ्याचे ढाळे सोलत होतात, मीही समोर बसलो आणि सोलायला लागलो. रेखा आत वहिनींसोबत होती.

"जावई, त्या दिशी शेवटी कोन गायलं? बाई होती का बाप्या?"

"बाई होत्या, मामी."

"भोंग्याचं तोंड पलीकडं होतं. तबला तेवढा येत होता." तुम्ही एक घाटा माझ्या हातावर ठेवलात. "कशी गायली?"

"चांगली." पण मी तरी कुठं ऐकलं होतं? मी खुर्च्या लावत होतो. तुम्ही बाहेर, मी आत, आणि गाणं दोघांनीही ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "मामी, त्या यादीचं..." आणि रेखाचे भाऊ मारोतीदादा शेतातून आले, "दाजी, चला विहिरीवर, मोटर दाखवतो" म्हणाले. मी उठलो. मला उठायचंच होतं. तुम्ही पुढचा ढाळा उचललात. जाताना तुम्ही तिळगूळ दिलात आणि मी पाया पडलो. पंधरा दिवसांनी दादांचा फोन आला की सकाळी चहा घेता घेता तुम्ही भिंतीला टेकलात आणि मग उठलाच नाहीत.

त्या दिवसापासून मी एक आधार धरून होतो. मी काढलं नाव, पण सरांनी काढायला लावलं. मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? चार दिवसांपूर्वी बोरगावकर सर भेटायला आले. चहा घेतला, तुमच्या फोटोकडं बघत राहिले. मग म्हणाले, "यंदा पाण्यावर दिसल्या नाहीत. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. चौकशी करायचं राहून गेलं."

मी म्हणालो, "सर, तुम्हीच म्हणाला होतात, सांभाळा म्हणून."

सर गोंधळले. "अहो, ते कलाकारांच्या खोलीपुरतं. त्यांना काढा असं कुठं म्हटलं मी? पाण्यावर त्यांच्यासारखं कुणी नव्हतं."

सर गेल्यावर मी तासभर घराभोवती फेऱ्या मारल्या. तो आधारही गेला होता.

आज सकाळी रेखाला सगळं सांगितलं. ती कामावर निघायच्या तयारीत होती, घड्याळ बांधत होती. यादी, फोन, फाटक, चपला, छपाई, सगळं. तिनं घड्याळाचा पट्टा तसाच सोडला. मग खुर्चीवर बसली.

"आई मला स्वयंपाकघरात काय म्हणाली माहीत आहे? संक्रांतीला?"

"काय?"

"म्हणाली, जावयानं मला पार पुढं बसवलं. आपला बिल्ला काढून देत होते. शेवटी एक बाई गायली, लई ब्येस." रेखा माझ्याकडं न बघता बोलत होती. "मी म्हटलं, आई, यायचं नव्हतं ना तुला? तर म्हणाली, जावयानं बोलावून घेतलं."

मामी, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बहुतेक 'राहतं' म्हणालात तेव्हाच माहीत होतं. आणि तुम्ही, ज्यांना त्या मोठ्या गायकासमोरही खोटं गोड बोलता आलं नाही, त्या तुम्ही माझ्यासाठी लेकीशी खोटं बोललात. मी ते आज खरं बोलून मोडलं. हे बरं केलं की वाईट, मला कळत नाही. अहमदपूरच्या स्टँडवर तुम्ही म्हणाला होतात तेच केलं, पण तुम्ही असता तर कदाचित आज मला गप्प बसवलं असतं.

रेखानं विचारलं, "बाहेर बसून ऐकू येत होतं का तिला?"

"नाही," मी म्हणालो. "नुसता तबला."

ती उठली. मग पदरानं डोळे पुसले, पर्स घेतली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"सांगून तुम्हाला हलकं वाटलं असंल. मी आता हे घेऊन दिवसभर दवाखान्यात उभी राहणार." ती म्हणाली, "दादा सगळ्या गावाला सांगत फिरतोय, की आमचे दाजी आईला दर वर्षी पुढं बसवायचे. त्याला तुम्हीच सांगा. फोनवर नाही. जाऊन."

दुपारची भोकरची एष्टी आहे. मी कपडे करून बसलोय, मधेच उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येऊन लिहितो. दादांना काय सांगायचं ते मनात चारपाचदा जुळवून बघितलं. दर वेळी सुरुवात समितीपासून होते, किंवा थंडीपासून, किंवा तुमच्या गुडघ्यांपासून. आता निघायला हवं. पहिलं वाक्य 'मी' या शब्दानं सुरू करायचं, एवढंच ठरलंय.